झालं म्हणेपर्यंत

घड्याळआजोबांकडे माफी मागायला जायचं काम दर शनिवारी कुजबुजीकडे असे. आई डब्यात घरची बिस्किटं भरून देई आणि बाबा दाराशी उभे राहून म्हणत, "तूच जा. तुझं बोलणं ऐकायला माणसाला कान जवळ आणावा लागतो. कान जवळ आला की राग आपोआप कमी होतो."

कुजबूज हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. चौदा वर्षांची ती मुलगी हजेरीलासुद्धा इतकं हळू ओ देई की बाईंनी तिला दोनदा गैरहजर लावलं होतं, आणि तेही ती पहिल्या बाकावर बसलेली असताना. तेव्हा बाबांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

त्यांचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि बरोबर त्याखाली, तिसऱ्यावर, घड्याळआजोबांचं. बाबा शहरभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडत, पण त्यांच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्टच नव्हती. हा विनोद ते प्रत्येक पाहुण्याला चार जिने चढून झाल्यावर सांगत, आणि पाहुण्यात तेव्हा हसायचंही बळ नसे.

घड्याळआजोबा खिडकीपाशी, डोळ्यात भिंग अडकवून, एखाद्या उघड्या घड्याळावर वाकलेले असत.

"ये. आज काय?"

"बिस्किटं. आणि सॉरी."

"काय?"

"सॉरी, आजोबा."

"बिस्किटं ऐकू आली. पुढचं काही आलं नाही." मग त्यांनी भिंग काढलं. "काल तुमच्या कुत्र्याने, त्या भोवऱ्याने, दोनपासून सव्वातीनपर्यंत शर्यत लावली होती. माझा एक स्क्रू उडाला. तांदळाच्या कणीएवढा. या वयात मी तासभर चटईवर रांगत होतो. हे बघ पोरी, माझे हात आधीच कापतात. त्यात टेबलही कापायला लागलं तर मी काम कसं करायचं?"

तिला त्यांचं म्हणणं पटत होतं, हीच तर अडचण होती.

"मी इमारतीच्या समितीला पत्र दिलंय," ते खाली बघत म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हटलं."

पत्राचं उत्तर घेऊन समितीच्या काकू दुसऱ्याच दिवशी वर आल्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाच वाजता त्या बघायला येणार होत्या. कुत्रा तोवर शांत झाला तर राहील, नाहीतर त्याला दुसरीकडे पाठवावं लागेल. त्या हे बोलत असताना भोवरा दारापासून गॅलरीपर्यंत धावला, पलंगावर वळण घेऊन परत आला आणि पुन्हा धावला. काकूंनी पर्स छातीशी धरली.

भोवरा बाबांच्या मामांचा. मामाआजोबांनी लांबच्या शेतावर जन्मभर शिकारी कुत्री पाळली. गुडघे गेल्यावर ते मुलीकडे राहायला निघाले, कुत्री ज्याला त्याला वाटली, आणि सगळ्यांत धाकटा उरला. बाबा त्यांची एक पेटी पोचवायला म्हणून गेले होते, ते याला घेऊन परतले. आई म्हणाली होती, "मी पेटी पोचवायला पाठवलं होतं तुम्हाला. पेटीएवढं जनावर आणायला नाही."

पांढरा रंग, त्यावर तांबूस ठिपके, फासळ्या मोजता येतील असं अंग, आणि उजेडाच्या बाजूने पाहिलं तर आरपार दिसतील असे पातळ कान. सकाळी तासभर बाबा त्याला फिरवत, संध्याकाळी तासभर कुजबूज. त्या दोन तासांत त्याचे पाय नुसते मोकळे होत. उरलेले बावीस तास तो दोन खोल्यांत उधळे. दारापासून गॅलरीपर्यंत त्याच्या अकरा उड्या होत. त्याने स्टुलाचा एक पाय, बाबांची हत्यारांची पिशवी आणि दप्तराचा पट्टा खाल्ला होता. झोपेतसुद्धा त्याचे पंजे धावत.

आणि तरीही कुजबुजीला तो हवा होता. कारण तिचं बोलणं ऐकायला त्याला कान जवळ आणावा लागत नसे.

तिने मामाआजोबांना फोन केला.

"पायांनी दमवायला जाल तर तुम्ही मराल, तो मरणार नाही," ते म्हणाले. "त्याला नाकाने दमवा. एखादी वस्तू हुंगायला द्यायची, मग ती लपवायची आणि म्हणायचं, शोध. आणून दिली की हातात घ्यायची आणि म्हणायचं, झालं. पण मोठ्याने, छातीतून. आणि ज्याने शोध म्हटलं त्यानेच झालं म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"काय?"

"झालं नाही म्हटलं तर?" तिने जोर लावून विचारलं.

"मग त्याचं काम चालूच. याच्या आजीने एकदा आमचा हरवलेला गुराखी शोधला. माणूस सापडला की ही कुत्री समोर बसतात, पुढचे पाय जुळवून, मान वर करून. आम्हाला पोचायला दोन तास लागले. तेवढा वेळ तिने त्या बिचाऱ्याला झाडाखालून पाऊलभर हलू दिलं नाही. चावली नाही, गुरगुरली नाही. नुसती आडवी येत राहिली." मामाआजोबा हसले. "गुराखी म्हणाला, हरवलो होतो तेच बरं होतं."

खेळ जमला. मोजा, चमचा, खोडरबर, बाबांची टोपी. कुजबूज लपवी, भोवरा शोधी. पहिल्यांदा ती 'झालं' पुटपुटली तेव्हा तो मान तिरकी करून वाट पाहत राहिला. शेवटी तिला डोळे मिटून मोठ्याने म्हणावंच लागलं. दिवसभरात तिच्या तोंडून मोठ्याने निघणारा तो एवढा एकच शब्द.

पण आठवड्याभरात घरातले सगळे वास त्याला पाठ झाले. मिनिटभरात वस्तू आणून तो पुन्हा अकरा उड्या मारायला मोकळा होई. त्याला नवा वास हवा होता, घरातल्या कुणाचाच नसलेला. ती स्टुलावर चढली, त्याच्या उरलेल्या तीन पायांवर तोल सांभाळत, आणि माळ्यावर चाचपू लागली. रिकाम्या बॅगेमागे तिला एक लोकरी हातमोजा सापडला. तपकिरी, डाव्या हाताचा, अंगठ्याला बारीक रफू केलेला.

भोवऱ्याने तो खूप वेळ हुंगला. एरवी त्याला एक श्वास पुरे. या वेळी त्याने डोळे मिटले आणि नाक मोज्याच्या आत घातलं, एकेका बोटात.

त्याच वेळी दाराची बेल वाजली. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला होता. गडबडीत कुजबूज "शोध" म्हणून गेली आणि दार उघडायला धावली. मोजा तिच्या हातातच होता.

सिलिंडर आत घेऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिला हसू आलं. लपवायच्या आधीच शोध म्हटलं की! तिने मोजा टेबलाच्या खणात टाकला. काही सापडलंच नव्हतं, त्यामुळे 'झालं' म्हणायचा प्रश्नच आला नाही.

पण भोवरा मोजा शोधत नव्हता. मोजा तर त्याच्या नाकासमोर होता. तो उठला, दाराशी गेला, दारामागच्या एका गंजक्या खिळ्याकडे त्याने नाक उचललं. मग उंबऱ्याच्या फटीला नाक लावून तो आडवा झाला आणि लांब, खोल श्वास घेऊ लागला.

पुढचे पाच दिवस वाईट गेले. भोवरा जेवेना, बसेना. दार, खिडकी, दार, खिडकी. नखांचा खरखर आवाज पहाटेपासून चाले. फिरायला नेलं की तो गवत, खांब, दुसरी कुत्री, कशाकडेच बघत नसे. नाक जमिनीला लावून ओढत राही, आणि परत यायची वेळ झाली की पाय रोवून उभा राही. आईच्या डोळ्यांखाली काळं आलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासून ती घरी येई आणि स्वतःचे मिटून बसे. "रविवारपर्यंत थांबू," एवढंच ती म्हणे. कोणत्या रविवारपर्यंत, ते सगळ्यांना माहीत होतं.

सहाव्या दिवशी कुजबूज शाळेतून आली तेव्हा जिन्यातच तिला चुकल्यासारखं वाटलं. वरून कसलाच आवाज येत नव्हता. तिने कुलूप काढलं.

भोवरा बोळकांडीत आडवा पडला होता. जीभ बाहेर, पोट वरखाली, डोळ्यांत कधी नव्हे ती सुखाची गुंगी. त्याचे पाय ओले होते आणि त्यांवर गवताची कुसळं चिकटली होती. पुढच्या दोन पंजांत एक हातमोजा होता.

तपकिरी. लोकरी. ओला आणि गार, नुकताच पाण्यातून काढल्यासारखा.

तिने खण उघडला. डावा मोजा जागेवरच होता. हा उजवा होता.

तिने खिडक्या पाहिल्या, बंद. गॅलरीचं दार बंद. बाहेरचं कुलूप तिने स्वतःच्या हाताने काढलं होतं. ती मोजा घ्यायला वाकली तेव्हा भोवऱ्याने हनुवटी त्यावर ठेवली आणि नजर वर केली. तिच्याकडे नाही. तिच्या थोडं मागे, थोडं वर, जिथे एखाद्या उंच माणसाचा चेहरा असेल तिथे. मग त्याने शेपटी दोनदा जमिनीवर आपटली.

संध्याकाळी तिने आईला सांगून पाहिलं.

"माळ्यावरचाच असेल, जोडीचा," आई म्हणाली. "केवढा मळलाय. धुवायला टाक." आणि मग खूप दिवसांनी ती हसली. "ऐकलंस? काहीच ऐकू येत नाहीये. अगं, मी विसरलेच होते, आपल्या घड्याळाची टिकटिक कशी असते ते."

पुढचा आठवडा असाच गेला. रोज दुपारी कुजबूज घरी येई तेव्हा भोवरा दमून पडलेला असे, दिवसभर कुणीतरी त्याला रानात फिरवून आणल्यासारखा. मोजा तो सोडत नव्हता. धावणं थांबलं होतं. तो फक्त बसे, पुढचे पाय जुळवून, मान वर करून, आणि त्याची नजर खोलीभर हळूहळू सरकत राही. इकडून तिकडे. तिकडून इकडे. जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघावं तशी.

पत्रानंतरच्या तिसऱ्या शनिवारी घड्याळआजोबांनी बेल वाजायच्या आधीच दार उघडलं.

"ये ये! आज सॉरी नको, नुसती बिस्किटं दे." मेजावर एक इवलंसं घड्याळ चालू होतं. "दोन वर्षं पडून होतं हे. काल बसवलं. टेबल दगडासारखं स्थिर. काय जादू केलीस?"

ती लाजून हसली.

"आणि आई हल्ली घरीच असते वाटतं?"

तिने मान हलवली. नाही.

"मग बाबा? दुपारचं कोणीतरी असतं ना घरात." ते बिस्किट खात सहज बोलत होते. "पावलं ऐकू येतात. कुत्र्याची नाही, माणसाची. त्रास नाही हं, उलट सोबत वाटते. दारापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून दारापर्यंत. आणि दाराशी आलं की थांबतात... बराच वेळ..."

ते बोलता बोलता थांबले. बिस्किट हातातच राहिलं.

"आजोबा?"

"काही नाही. तुमच्या आधी वर एक बाई राहायच्या. त्यांची आठवण झाली."

त्या बाई टपाल वाटत असत. तीस वर्षं पायी. डाव्या हातात मोजा, कारण त्या हातावर पत्रांचा गठ्ठा असे. उजवा हात उघडा, पत्रं चाळायला. उजवा मोजा नेहमी कोटाच्या खिशात. मग नोकरी संपली आणि त्या वरच्या दोन खोल्यांत आल्या.

"पण पाय कुठे ऐकतात? सवय लागलेली. दिवसभर घरातल्या घरात चालत असायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, बसा की जरा. तर म्हणाल्या, बसलं की गुदमरतं हो." घड्याळआजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "एका सकाळी कोट घालून बाहेर पडल्या. डावा मोजा दारामागे खिळ्यावरच राहिला. पोलिसांनी कुलूप उघडलं तेव्हा मी होतो ना. मीच तो काढून माळ्यावर ठेवला. सगळ्यांनी शोधलं. नदीकाठापर्यंत माणसं गेली. नाही सापडल्या..."

कुजबुजीने डबा बंद केला. आत शेवटचं बिस्किट वाजलं.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा फोन लावला.

"मामाआजोबा, मोजा हातात असतानाच शोध म्हटलं तर तो काय शोधेल?"

"मोज्याचा मालक," ते लगेच म्हणाले. "का? कुणाला शोधायला लावलंस?"

"आणि सापडलेला माणूस... जिवंत नसेल तर?"

"त्याला काय फरक पडतो, बाळ? त्याला वास कळतो. बाकीचं आपल्याला कळतं." मग ते म्हणाले, "कुणी का असेना, झालं म्हणून मोकळं कर. सापडलेल्याला असं अडवून ठेवू नये."

तिने फोन ठेवला. भोवरा दाराला पाठ लावून बसला होता, घराकडे तोंड करून. तिला आता समजलं की तो रोज तिथेच का बसतो.

एक शब्द. तो म्हटला की खोली रिकामी होईल, आणि रविवारच्या आत भोवरा पुन्हा उधळायला लागेल. ती त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. मोज्याच्या ओल्या बोटांना तिने हात लावला आणि म्हणाली,

"झालं."

भोवऱ्याचा कान जरासा हलला. बस्स, तेवढंच. इतक्या हळू म्हटलेलं त्याला चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण म्हणायचं ते आपण म्हटलं, असं तिने स्वतःला सांगितलं आणि ती अभ्यासाला बसली. पाठीमागे कुठेतरी गार, ओल्या गवताचा वास येत होता. तिने एकच उतारा सात वेळा वाचला.

शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, शाळा दुपारी बारालाच सुटली. भर उन्हात ती घरी आली. जिना नुकताच पुसलेला, साबणाचा वास, कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. तिने किल्ली कुलपात घातली.

आतून पावलं आली.

गॅलरीकडून दाराकडे. घाईची नव्हती, पण मधेच थांबणारीही नव्हती. रोजची, सरावाची, लांब टाकलेली पावलं. ती दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या जाडीएवढं अंतर. पलीकडे कुणीतरी श्वास घेतला, बसलं की गुदमरतं अशा माणसाचा, अर्ध्यावर अडणारा.

कुजबुजीने किल्ली तशीच धरून ठेवली. खाली रेडिओवर कुणीतरी हसलं.

पळून जावं, असं तिच्या मनात आलं. चार जिने उतरून, थेट आईच्या दुकानापर्यंत. पण दाराखालच्या फटीतून तिला दोन पांढरे पंजे दिसले. भोवरा दाराला टेकून आडवा बसला होता. आणि त्याच्यापुढे, फटीतल्या उजेडाच्या पट्टीत, काळी, पाणी गळणारी सावली एकदा डावीकडे सरकली, मग उजवीकडे. दोन्ही वेळा पंजे तिच्या आड आले.

आणि त्या क्षणी भीतीपेक्षाही तिला लाज वाटली. दोन खोल्यांत कोंडल्यावर काय होतं ते तिने भोवऱ्यात रोज पाहिलं होतं. तरी तिने एका माणसाला कोंडलं होतं, भोवरा आपल्याकडे राहावा म्हणून.

तिने दार सताड उघडलं. आत कोणी नव्हतं. फक्त भोवरा मान वर करून, शेपटी हलवत, आणि मोजा. तिने मोजा उचलला. या वेळी त्याने उचलू दिला.

"झालं," ती पुटपुटली. तो बघत राहिला.

तिने श्वास घेतला, पार पोटापर्यंत, आणि ती ओरडली, "झालं!"

जिन्यात तो शब्द चार मजले घुमला. भोवरा उठला, त्याने अंग झाडलं आणि तो बाजूला झाला. तीही भिंतीला चिकटली.

थंड हवा तिच्या अंगावरून गेली. ओली लोकर, गवत, नदीचा चिखल. तिच्या उजव्या वेणीला कुठेतरी हलका झटका बसला. मग पावलं जिना उतरू लागली. तिसऱ्या मजल्यावर जरा थांबली, पत्र टाकायला लागतो तेवढाच वेळ. मग दुसरा. मग पहिला. खालचं फाटक करकरलं.

तिने पाहिलं तर हातातला मोजा नव्हता. नुसता तळहात ओला होता. खणातला डावाही नव्हता. उजवी वेणी सुटून खांद्यावर आली होती. रिबन शाळेत पडली असेल, असं तिला वाटलं.

भोवरा त्याच संध्याकाळी उधळला. अकरा उड्या, वळण, अकरा उड्या. बुधवारी, गुरुवारी तसंच. घड्याळआजोबांनी खालून एकदा काठीने छत ठोकलं, फक्त एकदा, तेही अगदी नाइलाजाने. शुक्रवारी आईने कचरा ठेवायला दार उघडलं आणि तो तिच्या पायांमधून निसटला. चारही जिने तो एका दमात उतरला. बाबा रात्रीपर्यंत हिंडले, शनिवारी दिवसभर हिंडले. कुजबूज गल्लीगल्लीतून त्याला हाक मारत फिरली. मोठ्याने. तिचा आवाज बसला, पण तो आला नाही.

रविवारी पाच वाजता समितीच्या काकू आणि घड्याळआजोबा वर आले. आईने चहा ठेवला.

"कुत्रंच नाही, तर बघायचं काय?" काकू शेवटी म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं.

"मला तो जायला नको होता," घड्याळआजोबा कुजबुजीला म्हणाले. "शांत व्हायला हवा होता, एवढंच."

तेवढ्यात दारावर नखं वाजली.

बाबांनी दार उघडलं. भोवरा आत आला. पाय ओले, अंगभर कुसळं, चाल संथ आणि शहाणी. तो बाबांकडे गेला नाही, आईकडे गेला नाही. सगळ्यांच्या मधून तो सरळ कुजबुजीच्या खुर्चीपर्यंत आला, तोंडातलं काहीतरी तिच्या पायांशी ठेवलं आणि बसला. पुढचे पाय जुळवून, मान वर करून.

पायांशी तिची रिबन होती. चिंब ओली.

"काय गुणी आहे हो!" काकूंनी पर्स बाजूला ठेवली. "याच्याबद्दल तक्रार होती?"

"माझी तक्रार मी मागे घेतो," घड्याळआजोबा म्हणाले. "राहू दे त्याला."

आईने डोळे पुसले. बाबांनी टाळी वाजवली. महिनाभर कुजबुजीने जे मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. ती पाणी प्यायला म्हणून उठली.

भोवरा आडवा आला. हळूच, खांद्याने तिच्या गुडघ्याला रेटत. ती डावीकडे सरकली. तो डावीकडे. ती खाली बसली.

"बघा, सोडतच नाही तिला!" काकू हसल्या.

"झालं," कुजबूज म्हणाली. मग बसलेल्या आवाजात, होतं नव्हतं ते बळ लावून, "झालं! भोवऱ्या, झालं!"

घड्याळआजोबांच्या कपातला चहा हिंदकळला. "अरे वा!" बाबा ओरडले. "आमच्या कुजबुजीला आवाज फुटला!" सगळे हसले.

भोवऱ्याचा कान हललासुद्धा नाही. या वेळी 'शोध' म्हणणारी ती नव्हती.

तो तिच्यावरची नजर न काढता बसून राहिला. हसणं ओसरल्यावर खालून फाटकाची करकर ऐकू आली, आणि मग जिन्यावर पावलं. पहिल्या मजल्याशी ती जरा थांबली. मग दुसऱ्या. घड्याळआजोबांनी कप खाली ठेवला आणि मान तिरकी केली. तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या बंद दाराशी, पावलं पुन्हा थांबली, पत्र टाकायला लागतो तेवढाच वेळ.

भोवऱ्याची शेपटी जमिनीवर आपटू लागली.